वनिताला बोलवायचं राहिलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, तिथेसुद्धा या एका गोष्टीपाशी आले की हळूच पुढे सरकते — जसं काही त्याला माहीतच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, तूर्त एवढंच म्हणते.

परवा नातीने हॉलमध्ये खुर्च्या एकामागे एक मांडल्या. बस-बस खेळायला. मला मागच्या खुर्चीवर बसवलं, माझीच पर्स खांद्याला अडकवली आणि दाराकडे निघताना म्हणाली, "आजी, मी जाते." मी इतक्या जोरात ‘नाही’ म्हणाले की पोर रडायलाच लागली. सून स्वयंपाकघरातून धावत आली. मी म्हटलं, पायात गोळा आला गं एकदम. बघा, अजून किती सहज जमतं मला.

मी बालवाडीची बाई होते. नेरूळला. नव्वदच्या दशकाची अगदी सुरुवात होती तेव्हा. ह्यांना तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली, म्हणून आम्ही साताऱ्याहून इकडे आलो. आता तुम्ही सीवूड्सच्या मॉलमध्ये फिरता तिथे तेव्हा गुडघाभर गवत होतं आणि पलीकडे खाडीचा चिखल. रस्ते होते, पण त्यांवर माणसं नव्हती. इमारती होत्या, पण निम्म्या खिडक्यांना पडदेच नाहीत. स्टेशनसुद्धा बांधून तयार होतं — फलाट, जिने, तिकिटांच्या खिडक्या, सगळं. फक्त गाडी यायची बाकी होती. वारा सुटला की त्या रिकाम्या फलाटावरचे पत्रे वाजायचे आणि तो आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. नवीन शहर, म्हणायचे सगळे. मला मात्र पहिले काही महिने वाटायचं, की कुणीतरी घर मांडून ठेवलंय आणि राहायचं विसरून गेलंय.

सोसायटीच्या कमिटीने तळमजल्यावरची एक लांबट खोली मला बालवाडीसाठी दिली. एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला सामानाची अडगळ आणि तिथे मागच्या मोकळ्या जागेत उघडणारं एक दार. आसपासच्या इमारतींतली मुलं यायची, आणि शेजारच्या गावठाणातलीही थोडी. गावठाण म्हणजे मूळ गाव. आमच्या इमारती ज्यांच्या शेतांवर उभ्या होत्या, त्यांचं. सोसायटीतल्या आयांना मी ‘टीचर’ हवी होते. मी ‘बाई’च राहिले, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. अभिमान कशाचा नव्हता मला? मी एक छोटा कोर्स करून आले होते. मुलाला लांब-जवळ, इकडे-तिकडे, जाणं-येणं तोंडाने शिकवायचं नसतं, ते त्याच्या पायांना शिकवायचं असतं — हे मी येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

त्यासाठी मी एक खेळ रचला होता. गेला-आला.

फरशीवर खडूने रस्ता काढायचा. फळ्यापाशी घर. मध्ये बाजार, पूल, खाडी. आणि पार त्या टोकाला, अडगळीच्या दारापाशी, एक मोठा गोल — लांबचं गाव. एकेका मुलाने वाहन निवडायचं. कुणी पायी, कुणी रिक्षा, कुणी होडी वल्हवत, कुणी बेडकासारखं उड्या मारत. निघताना मोठ्याने सांगायचं, "मी जातो" किंवा "मी जाते." बाकीच्यांनी म्हणायचं, "गेला, गेला." आणि तो लांबच्या गावाच्या गोलात पोचला की मग तो कुणालाच दिसत नाही. गेलेलं माणूस कसं दिसेल? त्याच्याकडे बघायचं नाही, त्याने काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. मग मी फळ्यापाशी बसून टाळी वाजवायची आणि नाव घेऊन हाक मारायची, "ये रे घरी." तो त्याच वाहनाने परत येणार, सगळे विचारणार, "आलास?" आणि तो म्हणणार, "आलो." मग तो सगळ्यांना दिसायचा. दिसला म्हणून मुलं इतकी आनंदायची की काय सांगू. नुसता खोलीच्या त्या टोकाला तर होता. पण तीन-चार वर्षांच्या मुलांना त्या दोन शब्दांच्या मध्ये तो खरोखर नसायचा. हे मला तेव्हा फार गोड वाटायचं.

एक गोष्ट मात्र घरोघरी खटकली. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणतात. कुणाच्या तोंडून ‘जाते’ निसटलंच, तर घरातलं मोठं माणूस लगेच दटावतं. एक-दोघी आयांनी मला हसत हसत सांगितलं, की पोरगा घरी पण ‘जातो’ म्हणतो आणि सासूबाई भडकतात. मी त्यांना जाणं आणि येणं यातला फरक मुलाला कळला पाहिजे यावर छोटंसं भाषण दिलं. शहाणपण उतू चाललं होतं नुसतं.

आता वनिता. तिच्यापाशी यायला मला इतका वेळ लागला, तुमच्या लक्षात आलंच असेल.

वनिता गावठाणातली. आगरी. वडिलांचा रेतीचा ट्रक होता, नव्याने बांधलेलं दोन मजली घर होतं, वर भाडेकरू होते. म्हणजे गरीब वगैरे नव्हेत हो, आमच्यापेक्षा बरेच बरे. तिची मोठी चुलत बहीण शाळेत जाताना तिला आमच्या गेटपाशी सोडायची, आणि तिथून ती एकटी खोलीपर्यंत यायची. बारकी, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, पायात प्लास्टिकच्या निळ्या चपला. बोलायची कमी, पण एकदा नाही म्हटलं की नाही. ती खेळात ‘जाते’ म्हणायचीच नाही. रस्त्याच्या सुरुवातीला उभी राहायची आणि म्हणायची, "येते." मुलं हसायची, खेळ तिथेच मोडायचा. मी समजावलं, लाडीगोडी लावली, डोळे वटारले. "आयने सांगलंय," एवढंच म्हणायची. हात मागे बांधून.

मला ती आवडायची नाही. हे असं लिहायला तीन दशकांहून जास्त उशीर झाला, पण लिहिते. चार वर्षांची मुलगी मला आवडायची नाही.

एक दिवस कमिटीतल्या एक बाई वर्ग बघायला आल्या. त्यांच्या मनात ती खोली ब्यूटी पार्लरला द्यायची होती, हे मला बाहेरून कळलं होतं. मी माझा गेला-आला दाखवायला घेतला. सगळं झकास चाललं होतं, आणि वनिताची पाळी आली. "येते." मुलं फिदीफिदी हसली. कमिटीच्या बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, मॅडम, गावातल्या मुलांचं जरा टेन्शनच असतं ना. मला कानशिलं तापल्याचं आठवतं. मी वनिताजवळ गेले, तिचा दंड धरला — जरा जास्तच घट्ट — आणि तिच्या कानाशी म्हटलं, "जाते म्हण. नाहीतर परत येऊच नकोस इथे."

ती म्हणाली, "जाते."

आणि गेली. पायीच गेली, सरळ, मागे न बघता, त्या गोलात जाऊन उभी राहिली. मुलं म्हणाली, गेली, गेली. मी कमिटीच्या बाईंना सोडायला गेटपर्यंत गेले. परत आले तेव्हा गाणी घ्यायची वेळ झाली होती. मी गाणी घेतली.

विसरले, असं म्हणता आलं असतं मला. मी विसरले नव्हते. मी फळ्यापाशी बसले होते, टाळी वाजवायला हात मोकळे होते, आणि ती तिथून माझ्याकडे बघत होती. राहू दे जरा, असं मनाशी म्हटलं. कळू दे.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि नेहमीच्या जागी, रांगेत बसायला गेली. शेजारचा मुलगा सरकला नाही. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता तो. ती त्याच्या अंगावर बसणार इतक्यात थबकली, आणि मग चालत मागे गेली, अडगळीच्या दारापाशी, आदल्या दिवशीच्या पुसट गोलात, आणि तिथे बसली. मुलांनी आपापसांत काही ठरवलं नव्हतं. माझा खेळ होता, माझे नियम होते, आणि मी हाक मारली नव्हती. मुलं ते नियम पाळत होती. मी खाऊला चुरमुरे आणले होते. ताट घेऊन फिरताना मी मागे वळले, तर एक चिमुरडी म्हणाली, "तिकडे कुणी नाहीये, बाई."

मी हसले. हसले, आणि ताट घेऊन फळ्याकडे आले.

त्यानंतरचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. आठवडा असेल, जास्त असेल. वर्ग फार शांत झाला होता, आणि ती शांतता मला हवीशी वाटत होती. वनिता सकाळी यायची, चपला दारात काढायची, भिंतीच्या कडेकडेने मागे जायची. पहिल्यांदा ती मुलांशी बोलायचा प्रयत्न करायची. मग बोलेनाशी झाली. मग — हे कसं सांगू? — मुलं पकडापकडी खेळताना तिच्या बाजूने पळायची आणि तिला धडकायची नाहीत, पण वळसाही घालायची नाहीत. ती आधीच अंग चोरून घ्यायची. गाण्यात सगळ्यांचे ओठ हलायचे, तिचे हलायचे नाहीत. एकदा मी खोलीभर नजर फिरवली आणि मनात आलं, आज वनिता दिसत नाही. आणि ती माझ्यासमोर होती. तिचा लाल फ्रॉक मला दिसत होता. फ्रॉक दिसत होता, आणि तरी ती नाही असं मला वाटलं होतं.  तेव्हा हाक मारली असती, तर? एक टाळी, दोन शब्द. पण इतक्या दिवसांनी हाक मारायची म्हणजे इतके दिवस मारली नव्हती, हे कबूल करणं आलं. पोरांसमोर. बाईंचं चुकलं, असं.

मग तो दिवस. सकाळी ती आली. हे मी आधीच सांगून टाकते — ती आली होती. मी पाहिलं होतं. वारा हवा म्हणून मागचं दार मी उघडं ठेवलं होतं. मुलं आगगाडी करून खोलीभर फिरत होती, मी कुणाच्या तरी डोक्यावर गार्डाची कागदी टोपी बसवत होते, आणि वनिता त्या गोलातून उठली आणि मागच्या दारात गेली. तिथे थांबली. माझ्याकडे वळून बघितलं. मुलांकडे नाही, माझ्याकडे. मी टोपीत टाचणी खोचली. पुन्हा मान वर केली तेव्हा दारात फक्त ऊन होतं.

दुपारी मुलांना न्यायला आया आल्या. वनिताची चुलत बहीण ठरल्या वेळी गेटपाशी आली, वाट बघून घरी गेली आणि वनिताच्या आईला घेऊन आली. थोडी मुलं अजून खोलीत होती. आई दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, आमची वनिता कुटं हाय?" मी तोंड उघडायच्या आत मुलं एका सुरात म्हणाली, "गेली, गेली." तालात. रोज म्हणायची तशी. एक जण वर म्हणाला, ती कधीचीच गेलीय, लांबच्या गावाला. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "वनिता आज आलीच नाही."

तिच्या निळ्या चपला तिथेच होत्या, दाराच्या आत, पायपुसण्याशेजारी. आईचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि पायाने त्या चपला कपाटाखाली सारल्या. न बघता. असं काही करता येतं मला, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

मग शोध सुरू झाला, तो माझ्या वाक्यावरून. मुलगी गेटपाशी सोडली आणि वर्गात पोचली नाही — म्हणजे गेट ते गावठाण. सगळे त्या बाजूला धावले. गावातले पुरुष वाटेवरच्या तळ्यात उतरले, कंबरभर पाण्यात रांग करून पायांनी तळ चाचपत चालले होते. बायका काठावर उभ्या होत्या. मीही उभी होते. वनिताच्या आईला मी धरून उभी होते, हे पण लिहायला हवं. ती थरथरत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. आणि मला ठाऊक होतं, की ती मागच्या दाराने गेली आहे, उलट्या दिशेला, जिथे गाव नाही, तळं नाही, नुसतं गवत आहे आणि पुढे ते स्टेशन. बोलले का? पाण्यातला एकेक माणूस वाकताना मी बघत होते, आणि तरी मी बोलले नाही.

अंधारायच्या सुमाराला तिला स्टेशनच्या रखवालदाराने आणलं. रिकाम्या फलाटाच्या पार टोकाला बसली होती म्हणे, पाय खाली सोडून. त्याने पुष्कळ हाका मारल्या, तिने मान वळवली नाही. त्याला आधी वाटलं, कुणीतरी बाहुली ठेवून गेलंय. अनवाणी पायांनी खडी तुडवून तळव्यांची चाळण झाली होती. रडत नव्हती. आईने तिला छातीशी धरलं, तेव्हाही तिचे हात खालीच लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच खोलीवर गेले, चपला पिशवीत घातल्या आणि खाडीच्या चिखलात टाकून आले. फरशी धुतली. गोल पुसला, रस्ता पुसला. मुलं आली, आणि एक जण शोधक नजरेने फरशीकडे बघून म्हणाला, "बाई, वनिताला बोलवायचं राहिलं ना?"

मी म्हटलं, तो खेळ आता बंद.

पुढच्या आठवड्यात तिची आई तिला घेऊन आली. मुलं निघून गेली होती. मी तिला खुर्ची दिली. ती बसली, आणि मग माझ्या लक्षात आलं की वनिता आत आलेली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर उभी. पायांना फडकी बांधलेली, हात मागे.

आई हळू आवाजात सांगत होती. पोर घरात शिरतच नाही. ओढून आत न्यावी लागते. आत नेली तर भिंतीशी बसते, ताट पुढे ठेवलं तर बघत राहते. भगताकडे नेली, डॉक्टरकडे नेली. "तिला इचारलं, बाय गो, तू अशी भायेर का ऱ्हातेस, तर सांगते, मी अजून आली नाय." आईने पदर तोंडाला लावला. "मंग माज्या दारात उभी हाय ती कोन हाय, बाई?"

मी हातातला खडू डबीत ठेवला.

"तुमी तिला तसला काय खेळ शिकवला व्हता का?"

मी म्हटलं, नाही. असलं काही आम्ही शिकवत नाही.

"येकदा हाक मारून बगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकंल ती."

वनिता माझ्याकडे बघत होती. मागच्या दारातून बघितलं होतं तसंच. तिला काय हवं होतं हे या जगात मला एकटीला माहीत होतं. मी बसले होते तिथून पायरी चार हातांवर होती. मला उठायचीही गरज नव्हती. पण मी हाक मारली असती, तर ती धावत आत आली असती, आणि आईच्या समोर मोठ्याने म्हणाली असती, आले. मग आईला सगळं कळलं असतं. खेळ कळला असता, त्या दिवशी ती इथे होती हे कळलं असतं, तळ्यात माणसं कुणामुळे उतरली ते कळलं असतं. मी हे सगळं मोजलं. तिच्या डोळ्यांत बघत मोजलं.

आणि म्हटलं, "भीती बसली असेल. थोडे दिवस हवापालट करा."

आई उठली. जासईला तिचं माहेर होतं, तिकडे नेते म्हणाली. तिने वनिताचा दंड धरला आणि चालू लागली. वनिता तिच्यामागे ओढली जात होती, पण मान माझ्याकडे वळलेली, गेटपर्यंत तशीच. नंतर ते कुटुंब जासईलाच राहिलं, असं कानावर आलं. पुढचं काही कानावर आलं नाही, म्हणजे मी येऊ दिलं नाही.

बालवाडी मी त्यानंतर पुष्कळ वर्षं चालवली. खोली माझ्याकडेच राहिली. शेवटी कमिटीने शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, भाषणात कुणीतरी म्हणालं, बाईंनी किती मुलांना चालायला शिकवलं. मी हात जोडून ऐकलं.

जासई इथून लांब नाही. तासाभराचाही रस्ता नसेल. आजच्या घटकेला उठून जाता येईल, कालही आलं असतं, या सगळ्या वर्षांत कधीही आलं असतं. मी गेले नाही. तिला पुढे कुणीतरी आत बोलावलं असेल, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणत नाही, कारण मला ते माहीत नाही. मला माहीत आहे ते इतकंच. ती चार वर्षांची होती, पायरीवर उभी होती, आणि मी आतून तिच्याकडे बघत राहिले, आई तिला ओढून नेईपर्यंत.